गळ्यातला देव

ईश्वर सर्वव्यापी आहे. तो नाही अशी जागा त्रिभुवनात शोधून सापडायची नाही. मठातल्या सोमवारच्या प्रवचनात चन्नबसप्पा हे वाक्य इतकी वर्षे सांगत आले होते, की ते सुरू झाले की पुढच्या रांगेतल्या बायका वाती वळायला घेत. आता बराच वेळ नवीन काही येणार नाही हे त्यांना ठाऊक असे. बुधवारी सकाळी टँकर गेल्यावर भिजलेल्या धोतराचा सोगा पिळता पिळता चन्नबसप्पांचा हात सवयीने छातीवर गेला, आणि त्रिभुवनातली तशी एक जागा त्यांना सापडली. ती त्यांच्याच सदऱ्याच्या आत, दुसऱ्या आणि तिसऱ्या गुंडीच्या मध्ये होती.

ज्यांचा देव देवळात राहतो त्यांचे बरे असते. देव गेला तर फौजदार येतो, पंचनामा होतो, गाव एक होते. चन्नबसप्पांचा देव त्यांच्या गळ्यात राहायचा. चांदीची सुपारीएवढी डबी, डबीत भस्माच्या लेपाने काळे कुळकुळीत झालेले लिंग, आणि ते सगळे पेलणारा एक सुती दोरा. रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, पाणी घालायचे, बेल वाहायचा, एकटक बघायचे. मग पाण्याचा पहिला घोट, मग भाकरी. तळहातावर देव नाही तर पोटात पाणी नाही, हा हिशेब लेकरू असल्यापासूनचा. दोरा विरलाय, बदला, असे महानंदाने शिवरात्रीलाच सांगितले होते. चन्नबसप्पांनी मान डोलावली होती. गोलाईच्या बाजारपेठेतल्या आपल्या कापड दुकानात त्यांनी जन्मभर लोकांना टिकाऊ सूत विकले आणि स्वतःचा परमेश्वर एका विरलेल्या दोऱ्यावर ठेवला. आता तो दोराही नव्हता. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा हात पुन्हा पुन्हा तिथे जात होता. इतक्या वर्षांच्या घासाने तिथली कातडी गुळगुळीत झालेली होती, आणि वैशाखाच्या त्या झळांतही रुपयाएवढी ती जागा गार लागत होती. आपल्या अंगाला एक खिडकी आहे आणि ती रात्रभर उघडी राहिली, असे काहीतरी त्यांना वाटले.

पहिल्यांदा त्यांनी हुशार माणसासारखे हुडकले. न्हाणीतला दगड, उशीखाली, खुंटीवरचा सदरा. मग मूर्खासारखे हुडकले. पिठाचा डबा, चपला, पंचांगामागचा कोनाडा. कोनाडा पुन्हा. लातूरचा जिल्हा झाल्याला अजून वर्ष भरले नव्हते. कचेरीवर पाटी आली होती, पाटीवर दिवा आला होता, उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून लोकांनी पेढे वाटले होते. पाणी मात्र तालुक्याचेच राहिले, आणि या उन्हाळ्यात तर ते एखाद्या वाडीचे झाले होते. त्यामुळे सकाळचा क्रम उलटा झाला होता. पूर्वी आधी देव आणि मग जग. आता टँकर केव्हा येईल त्याचा भरवसा नसल्यामुळे आधी टँकर, मग देव. आज सगळी गल्ली घागरी, कळश्या, टिपाडे घेऊन रस्त्यावर होती, आणि चन्नबसप्पा धोतर खोचून त्या गर्दीत होते. समोरच्या खातूनबीचा मुलगा सलीम नांदेडला गॅरेजात कामाला. म्हातारीला टँकरचा जाड पाइप आवरत नाही, म्हणून तिच्या लोखंडी टिपाडात पाइप धरून उभे राहणे ही या उन्हाळ्यात चन्नबसप्पांची नेमणूक झाली होती. पाइप सापासारखा उसळतो. त्यावर वाकून पोट टेकावे लागते. देव केव्हा निसटला हे त्या झटापटीत कुणाला कळणार?

"न्याहारी करून घ्या. भाकर गार व्हायली," महानंदा म्हणाली.

"उपास हाय."

"कशाचा?"

"सोमवारचा."

"आज बुधवार हाय."

"या सोमवारी राहिलता."

कापड दुकानदाराच्या बायकोला कोणते बोलणे पहिल्या धुण्यात आटेल ते कळते. महानंदाने नवऱ्याकडे एकदा पाहिले, भाकरी फडक्यात गुंडाळली आणि शिंक्यात ठेवली. "पूजा तरी करा मग," ती म्हणाली. "मला तांब्या घासायचा हाय."

म्हणून चन्नबसप्पा देवघरात गेले आणि दार लोटून बसले. बेलाची पाने होती. भस्म होते. तांब्यात पेलाभर पाणी होते. डावा हात त्यांनी छातीसमोर धरला आणि तळहाताची वाटी केली. वाटी रिकामी होती. आपला तळहात त्यांनी असा कधी पाहिलाच नव्हता. त्यावर कायम कुणीतरी बसलेले असायचे. मधल्या बोटाच्या बुडाशी कात्रीचे घट्टे. एक रेघ मनगटापर्यंत गेलेली, दुसरी अर्ध्यातच कंटाळलेली. दुकान चालवत होते तेव्हा रोज लिंगावर नजर लावून बसल्यावर डोक्यात काय चालायचे, ते त्यांना नीट ठाऊक होते. लट्ठ्याचे भाव. देगलूरच्या गिऱ्हाइकाने परत पाठवलेले लुगडे. समोरच्या दुकानदाराने लावलेली ट्यूबलाइट. देव तळहातावर निवांत असायचा आणि भक्त बाजार करून यायचा. दोघांची कधी तक्रार नव्हती. आज समोर काही नव्हते आणि मन मात्र जागचे हलत नव्हते. चन्नबसप्पांना याचा जरा रागच आला. इतकी वर्षे जे साधायला सांगत आलो ते देव नसताना साधले, हे कुठल्या प्रवचनात बसवायचे? त्यांनी डोळे मिटले तेव्हा आईच दिसली. सिद्धम्मा. चन्नबसप्पांच्या गळ्यात लिंग बांधले तेव्हा ते पाळण्यात होते. पाळण्यातल्या लेकराला पूजा येत नाही, म्हणून लेकराचे लिंग आई स्वतःच्या तळहातावर घेते आणि त्याच्या वाटणीची पूजा करते. आधी तिचे, मग त्याचे. तिची प्रार्थना म्हणजे तक्रारच असे, अर्धी कानडीत, अर्धी मराठीत: याचं पोट दुखतंय बघ, याला रात्री झोप न्हाई, याच्या बापाला जरा अक्कल दे. दगडावर ओठ टेकतील इतकी जवळ धरून ती कुजबुजायची. नंतर केव्हातरी तिने ते लिंग त्यांच्या हातावर ठेवले आणि सांगितले, आता तुझं तू बोल. तेव्हापासून चन्नबसप्पा संस्कृत बोलत आले होते.

मठात जाऊन नवे लिंग बांधून घेता येते. स्वामीजी रागावणारे नव्हते. हसतील, मंत्र देतील, संध्याकाळच्या आत सगळे होईल. सोमवारी पुढच्या रांगेत जरा कुजबूज, तेवढेच. ते उठत का नव्हते ते त्यांना आता कळले. नव्या लिंगाला त्यांच्या पोटदुखीबद्दल काही माहीत नसणार होते.

"झाली पूजा?" दार ढकलून महानंदा आत आली. तिने तांब्यात डोकावले. "पाणी तर तेवढंच हाय."

"वाचवलं. दुष्काळ हाय."

"देवाला बी रेशन?" असे म्हणून ती तांब्या घेऊन गेली, आणि चन्नबसप्पांना वाटले की आता हिला सांगावे. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी बायकोपाशी एकदाही काही हरवल्याचे कबूल केले नव्हते. एकदम देवापासून सुरुवात करायची त्यांना लाज वाटली. ते गल्लीत आले.

दुपारी ती गल्ली तव्यासारखी व्हायची. टँकर उभा राहतो तिथपासून आपल्या दारापर्यंत, नजर जमिनीवर, चन्नबसप्पा चालत गेले आणि परत आले. बिडीची थोटके, बाटलीचे बूच, एक तुटकी बांगडी. तोंडात थुंकी उरली नव्हती. जीभ टाळूला गोणपाटासारखी लागत होती. मग त्यांना भीमाशंकरकाका आठवले, आणि ते नको त्या वेळी आठवले. देगलूरकडच्या त्यांच्या गावात काकांचे लिंग विहिरीत पडले होते. निदान काका तसे म्हणाले. काका विहिरीच्या काठावर अन्नपाणी सोडून बसले आणि सगळ्या गावाने मोटा लावून विहीर उपसली. गाळ चाळला. बेडूक मोजले. शेवटी काकांना घाम आला म्हणून त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, तर लिंग रुमालाच्या पदरात; पाणी प्यायला वाकताना पडू नये म्हणून त्यांनीच खोचून ठेवलेले. गाव पुढे पाऊस येईपर्यंत ओढ्याचे पाणी प्यायले आणि त्याने काकांना शिव्या दिल्या. ही गोष्ट चन्नबसप्पा प्रवचनात हमखास सांगायचे, बेडकांपाशी लोक हसायचेच. त्या दिवशी सगळे हसत असताना आईने मात्र काकांपुढे भाकरी ठेवली होती आणि म्हणाली होती, आता हसू नका, त्यांना घास उतरायचा न्हाई. हा भाग ते सांगत नसत. त्यात विनोद नव्हता. आता उन्हात उभे राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिले आणि पुन्हा घातली.

"अप्पा," खातूनबी तिच्या ओट्यावरून म्हणाली. ती रजईला टाके घालत बसली होती. पाय पसरलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "मघापासनं बघायले. इकडून तिकडं, तिकडून इकडं. बीबी हाजरावानी येरझारा घालायलाव. काय हुडकायलाव?"

"चपलेचा खिळा."

"पायात तर चप्पलच न्हाई."

चन्नबसप्पांनी पायांकडे पाहिले. ते खरे होते. ते येऊन ओट्याच्या सावलीत टेकले. खातूनबीचा नवरा खाजा अत्तर विकायचा आणि चन्नबसप्पांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा, तेव्हापासून ती त्यांची भाबी. "कोण हाजरा?" त्यांनी विचारले. खरे तर त्यांना ऐकायचे नव्हते. सावलीत बसायला काही कारण पाहिजे होते.

"इब्राहिमसाहेबांची बीवी. इस्माईलची माय. एका उजाड माळावर तिला आन लेकराला ठिवून इब्राहिमसाहेब गेले."

"ठिवून गेले म्हंजे?"

"अल्लाचा हुकूम व्हता. तिनं इचारलं, हुकूम हाय का? ते हाव म्हनले. मग ती म्हनली, तर जावा, तो आमाला वाऱ्यावर सोडनार न्हाई." खातूनबीने सुई थांबवली. "मी असते तर अजून दोन गोष्टी इचारल्या असत्या. पन ती बीबी हाजरा व्हती. मग मशकीतलं पानी सरलं. झाड न्हाई, मानूस न्हाई. लेकरू तहानंनं टाचा घासायलं. दोन टेकड्या व्हत्या, सफा आन मरवा. ती एकीवर पळत गेली, बघितलं, कोन दिसंना. दुसरीवर पळत गेली. तितं बी कोन न्हाई. परत पहिलीवर."

"पहिलीवर तर कोणी नव्हतं."

"हाव."

"मग परत कामून गेली?"

"तुमच्या घरातला पंचांगाचा कोनाडा तुमी कितीदा बघितलाव आज?"

चन्नबसप्पांनी मान वळवून आपल्या घराकडे पाहिले. कोनाड्याशेजारची खिडकी हिच्या ओट्यासमोरच उघडते हे ते विसरले होते.

"आणि प्रार्थना?" त्यांनी विचारले. "पळत सुटली तर प्रार्थना केव्हा केली?"

"पळत व्हती की."

"ते पळणं झालं. प्रार्थनेचं विचारतोय."

"आता अप्पा, लेकराचा घसा वाळलाय, तवा ती काय पाटावर बसून डोळे मिटील?" खातूनबीने दोरा दातांनी तोडला. "आन पानी कुटं निघालं? टेकडीवर न्हाई. लेकराच्या टाचंखाली. ती जितं पळत व्हती तितं न्हाईच."

"म्हणजे पळायची गरजच नव्हती," चन्नबसप्पा म्हणाले. प्रवचनकाराला असा मुद्दा सापडला की तहान विसरते. "बसून राहिली असती तरी पाणी निघालंच असतं."

"निघालं असतं. पन लेकराला दिसलं असतं, माय बसून हाय."

समोरच्या भिंतीवर एक कुत्रे स्वतःच्या सावलीत मावायचा प्रयत्न करत होते. चन्नबसप्पांना वाटले, आईचे ते कुजबुजणे म्हणजेही पळणेच होते. जागचे न हलता, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, आधी तिचा, मग त्याचा. आपण मात्र प्रार्थनेकडे नेहमी धुतलेले कपडे घालून गेलो, आणि ती कधी भेटली नाही तर घरी नसेल म्हणून परत आलो. आज दुपारभर ती प्रार्थनाच त्यांच्याबरोबर गटारीच्या कडेने चालत होती की काय कोण जाणे. या विचाराने त्यांना बरे वाटले. मग असे बरे वाटणे भुकेने होते हे वैद्यकीय ज्ञान त्यांना आठवले, आणि तरीही बरे वाटतच राहिले.

"पानी निघालं ते लई जोरात," खातूनबी सांगत होती. "मग तिनं म्हनलं, जमजम, म्हंजे थांब थांब. हातानं मातीचा बांध घातला त्याला."

"पाण्याला थांब म्हणाली?" चन्नबसप्पा सावरून बसले. लातूरच्या माणसाला या गोष्टीतला खरा चमत्कार हाच होता.

"वाहून जाईल न्हवं."

"म्हणजे पाणी अडवायचं पहिलं काम तिनंच केलं. आज असती तर रोजगार हमीवर मुकादम झाली असती."

खातूनबी हसली, इतकी की चष्मा नाकावर आला. "थांबा, ते जमजम न्हाई पन टँकरचं हाय," असे म्हणून ती कमरेला हात लावत उठली आणि आतून पितळी पेला भरून घेऊन आली. पेल्याला बाहेरून दव सुटले होते. माठातले होते. चन्नबसप्पांचा हात पुढे गेला, अर्ध्यात थांबला, आणि परत येऊन छातीवर बसला.

पाणी नाकारणारा माणूस या उन्हाळ्यात गल्लीत दुसरा नव्हता. खातूनबीने पेल्याकडे पाहिले, मग त्यांच्या हाताकडे पाहिले, हाताखाली सपाट बसलेल्या सदऱ्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांचा शेजार होता. "गळ्यातलं?" ती हळूच म्हणाली.

चन्नबसप्पांनी मान हलवली. ओठ हलले, पण कोरडे होते म्हणून आवाज आला नाही. डोळ्यांत मात्र पाणी आले. तेवढे अंगात कुठून निघाले याचे त्यांनाच नवल वाटले. मठाचे प्रवचनकार खाजा अत्तरवाल्याच्या ओट्यावर बसून रडतायत, हे कुणी पाहिले असते तर जिल्हाभर झाले असते. जिल्हा नवा होता, त्याला बातम्या कमी होत्या.

खातूनबीने काही समजूत घातली नाही. ती पेला हातात धरून विचार करत उभी राहिली. "सकाळपासनं टिपाडात घागर बुडवली की बुडाला खुट्ट वाजायलंय," ती म्हणाली. "मला वाटलं टँकरवाल्याचा नट पडला. म्हनलं, पडू दे, उद्या मागंल." मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "अल्ला. त्याच पान्याचा मी च्या केला. डाळ बी शिजवली."

"तीर्थ हाय ते," चन्नबसप्पा म्हणाले. आवाज आला. ते उभे राहिले होते.

"तरीच च्या बरा झालता."

टिपाड तिच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत उभे होते. डांबराचे जुने, लोखंडी, चन्नबसप्पांच्या बरगडीपर्यंत उंच. ते आडवे करणे म्हणजे पाणी सांडणे, आणि त्या उन्हाळ्यात तसे करणारा माणूस कुठल्याच धर्मात राहिला नसता. म्हणून खातूनबीने घरातले एकूण एक भांडे बाहेर आणले. देगची भरली, परात भरली, दोन कळश्या, लोटा, सलीमच्या दाढीचा मग, आणि ज्यात ती सुया ठेवायची तो बिस्किटांचा डबासुद्धा. चन्नबसप्पा घागर बुडवायचे, खातूनबी ओतून घ्यायची. प्रत्येक खेपेला बुडाला खुट्ट वाजायचे आणि दोघे एकमेकांकडे बघायचे. पाणी वितीवर आले तेव्हा घागर बुडेना. चन्नबसप्पांनी हात घातला, पोचला नाही. त्यांनी टोपी काढून खातूनबीच्या हातात दिली, काठावर पोट टेकवले आणि पाय सोडून ते डोक्याकडून टिपाडात गेले.

आत अंधार होता आणि विलक्षण गारवा होता. बाहेरची गल्ली, कोंबड्या, कुठल्याशा रेडिओवरचे शेतकी सल्ले, सगळे एका वस्त्राच्या पलीकडे गेले. रक्त कानात उतरले. त्यांचा स्वतःचा श्वास लोखंडावर आपटून परत येत होता आणि दुसरे कुणी श्वास घेत असावे तसा ऐकू येत होता. बोटे पाण्यात गेली, मऊ गाळात गेली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. चन्नबसप्पांना एक श्लोक आठवायला हवा होता. तो आठवला नाही. "कुटं हायस रे," ते म्हणाले, आणि भोवतालच्या लोखंडाने तेच त्यांना विचारले. मग करंगळीला दोरा लागला. दोऱ्यामागून डबी आली. गाळाने माखलेली, गार, वजनाला अगदी ओळखीची. ते उलटे लोंबकळत होते, टाळू पाण्याला टेकत होती, धोतराचे काय झाले आहे याचा विचार करण्यासारखी परिस्थिती नव्हती. डबीचे झाकण त्यांनी अंगठ्याने उघडले. लिंग आत होते. त्यांनी ते डाव्या तळहातावर घेतले. पाणी त्याच्यावर आपोआप आले. अंधारात दिसत काहीच नव्हते, म्हणून त्यांनी ते ओठांशी नेले, आणि आपल्या पोटात सकाळपासून काही नाही, महानंदाशी खोटे बोललो, दोरा आपल्याच आळसाने तुटला, असे सगळे कुजबुजत सांगून टाकले. मध्ये काही शब्द कानडी आले. ते त्यांना येत होते हे त्यांना माहीत नव्हते. सांगून झाले तरी बाहेर यावेसे वाटेना. इतके निवांत त्यांना कुठल्याच देवघरात वाटले नव्हते.

"अप्पा," वरून खातूनबीचा आवाज घुमत आला. "गावला का?"

"गावला."

"बरा हाय?"

"बरा हाय."

खातूनबीही काही म्हणत असावी. तिची कुजबूज लोखंडातून हलकेच खाली येत होती. चन्नबसप्पांनी डोळे मिटले. मग त्यांच्या कानाजवळ काहीतरी खरखरीत येऊन लोंबू लागले.

"हा काथ्या घ्या," खातूनबी म्हणाली. "आत हायच तर बुडाचा गाळ तेवढा घासून काढा. माझा हात पोचत न्हाई."